भावाची विडी सोडवायची आहे, पण गोळ्यांच्या डोसचं काय? (स्किझोफ्रेनिया, क्लोझापीन आणि धूर)

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. गोष्ट घरातली आहे, पण आमच्याकडे झाली ती चूक आणखी कुणाकडे होऊ नये म्हणून लिहिते. आणि मला मदतही हवी आहे.

माझा धाकटा भाऊ ३७ वर्षांचा. स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन १४ वर्षं झाली. गेली ६ वर्षं क्लोझापीनवर आहे आणि त्या गोळीनं तो खरोखर माणसांत आला. आमचं घर कोल्हापूरच्या पेठेतलं, जुनं, दाराबाहेर दगडी पायरी. पहाटे साडेचारला तो त्या पायरीवर बसलेला असतो, बंडल मांडीवर आणि काडेपेटी मुठीत. दिवसाला एक बंडल तरी संपतं, कधी दीड. उजव्या हाताची दोन बोटं हळद लावल्यासारखी पिवळी. त्याच्या वाकळेला ठिणग्यांनी भोकं पडतात आणि आई प्रत्येक भोकावर लुगड्याच्या तुकड्याचं ठिगळ लावते. दिवाळीआधी वाकळ धुताना मी ठिगळं मोजली, अकरा होती.

गेल्या पावसाळ्यात आईचा खोकला हटेना. डॉक्टर म्हणाले, घरातला धूर बंद करा. मामा आले आणि त्यांनी एका दिवसात निकाल लावला. "आजपासून बंद म्हंजे बंद. माणूस हाय का कारखान्याची चिमणी?" बंडलं काढून घेतली, कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला सांगून ठेवलं. भावानं ऐकलं, कारण त्यालाही सोडायची होती. पहिले चार दिवस वाईट गेले, झोप नाही, चिडचिड, घरभर येरझाऱ्या. पाचव्या दिवशी तो शांत झोपला. आईनं अंबाबाईला साखर ठेवली.

मग तो झोपतच राहिला. उशी लाळेनं भिजायची. मोरीकडे जाताना भिंत धरून चालायचा. चार दिवस पोट साफ नाही. आम्ही म्हणत होतो, अंगातला तंबाखू उतरतोय, उतरू दे. नवव्या दिवशी चहा पिताना कप हातातून सुटला आणि त्याला फिटचा झटका आला.

ज्या दवाखान्यात नेलं त्याचं नाव लिहीत नाही. मेंदूचा फोटो काढला, रक्त तपासलं, झटक्याची गोळी सुरू केली. पण याच्या विड्या कधी बंद केल्या हे एकानंही विचारलं नाही, आणि ते सांगायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी त्याच्या नेहमीच्या मानसोपचार डॉक्टरांना फोन लागला. त्यांचा पहिला प्रश्न तोच.

त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत लिहिते. क्लोझापीन लिव्हरमध्ये मोडते. ती मोडणारं एक एन्झाइम आहे, सीवायपी १ए२. विडी-सिगरेटच्या धुरातली काजळीसारखी रसायनं या एन्झाइमचं प्रमाण वाढवतात. म्हणजे धूर चालू आहे तोवर लिव्हरमध्ये कारखान्यासारखी जादा पाळी चालू असते, औषध भराभर मोडतं, आणि डॉक्टर त्या हिशोबानं मोठा डोस देतात. धूर बंद झाला की आठवडाभरात ती जादा पाळी बंद होते. गोळ्या तेवढ्याच राहतात आणि रक्तातलं औषध वाढत जातं. झोप, लाळ, तोल जाणं, बद्धकोष्ठ, झटका हे सगळं त्याचंच. निकोटिनचा यात संबंध नाही, धुराचा आहे.

डोस कमी केला. घरी आलो तर मामांना अपराधी वाटत होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं विडी पेटवून त्याला दिली, "घे बाबा, वढ." आठवड्यात पुन्हा बंडल सुरू. आता डोस कमी आणि लिव्हर परत जादा पाळीत. महिन्याभरात त्याच्या कानात येणारे आवाज परत आले. रात्री तो माळ्याकडे बघून कुणाला तरी उत्तरं द्यायचा. डोस पुन्हा वाढवला तेव्हा कुठे सावरलं.

परवा तो आपणहून म्हणाला, "अक्का, परत बघूया का? पण त्या झटक्यासारखं नको."

कुणी हे नीट करून बघितलंय का? कसं केलंत?

औषधांच्या_कपाटाजवळ

ताई, २२ वर्षं लक्ष्मीपुरीत औषधाचं दुकान चालवतोय. तुम्ही लिहिलेलं अक्षरशः बरोबर आहे. ते वाचून आज काउंटरवर दोघांना आपणहून विचारलं, ओढता का आणि सोडायचा विचार आहे का. इतकी वर्षं विचारत नव्हतो याचं वाईट वाटलं.

थोडी भर घालतो. मनाच्या आजाराच्या गोळ्यांपैकी हा प्रकार मुख्यतः क्लोझापीन आणि ओलॅन्झापीनमध्ये होतो. रिस्पेरिडोनची वाट वेगळी आहे, तिथे धुरानं फारसा फरक पडत नाही. लिथियम तर लिव्हरमध्ये मोडतच नाही, किडनीवाटे जातं. तरीही कुठलीही गोळी चालू असली तरी डॉक्टरांना तारीख आधी सांगाच.

दुसरं, दिवसाला ७ ते १२ सिगरेटी एवढ्यानंही ते एन्झाइम जवळजवळ पुरतं चढलेलं राहतं. म्हणून वीसवरून दहावर आलात तर रक्तातल्या औषधात फार बदल दिसत नाही. खरा बदल होतो शेवटच्या दहा सुटताना. घरच्यांचं लक्ष नेमकं तेव्हाच ढिलं पडतं, कारण "आता काय, थोडीच राहिली."

तिसरं, चहा. कॅफिनही त्याच एन्झाइमनं मोडतं. धूर बंद झाला की तेवढाच चहा दुप्पट चढल्यासारखा होतो. छातीत धडधड, हात थरथर, झोप नाही, आणि घरचे म्हणतात विडी सोडल्यामुळे आजार वाढला. चहा-कॉफी निम्म्यावर आणा.

निकोटिनचा पॅच किंवा च्युइंगम वापरल्यानं हे एन्झाइम वाढत नाही. पॅच लावलाय म्हणून डोस तसाच ठेवला तर चालेल, असं कुणी समजू नका.

करवीरकाका

कुणाला दुखवायचं नाही, पण बापाच्या मनातलं बोलतो. माझा मुलगा येरवड्याच्या मनोरुग्णालयात राहून आला. आता घरी आहे. लग्न नाही, नोकरी नाही, मित्र सुटले. दिवसभरात त्याच्या तोंडावर समाधान दिसतं ते दुपारी जेवल्यावर सिगरेट ओढताना. तेवढंही काढून घ्यायचं? सोडायला गेला आणि आजार उफाळला तर मी ७१ वर्षांचा म्हातारा काय करू? म्हणून मी म्हणतो, असू दे.

पुन्हा_उभा

काका, नमस्कार करतो आणि उत्तर देतो. मी स्वतः पेशंट आहे. बायपोलर, म्हणजे मूड कधी फार चढतो, कधी फार उतरतो. निदान २००९ चं. उद्यमनगरात लेथवर काम करतो. सिगरेट सोडून साडेतीन वर्षं झाली.

तुम्ही मुलाच्या तोंडावर बघता ते समाधान मला आतून माहीत आहे. निकोटिनचा अंमल फार थोडा वेळ टिकतो, साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. मग अंग खेचायला लागतं, जीव कासावीस होतो, डोकं लागत नाही. सिगरेट ओढली की ते थांबतं. मला वाटायचं सिगरेटनं माझी घालमेल जाते. खरं तर ती घालमेल मागच्या सिगरेटनं आणलेली असायची. हे मला सोडल्यावर दुसऱ्या महिन्यात कळलं, त्याआधी कुणी सांगितलं असतं तरी मी भांडलो असतो.

आणि हे एकट्या माझं नाही. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यास एकत्र करून तपासले होते. सोडलेल्या लोकांची उदासी, चिंता आणि ताण न सोडलेल्यांपेक्षा कमी झालेले दिसले, आणि मानसिक आजार असलेल्यांमध्येही तेच. आजार उफाळण्याची भीती मलाही होती. २०१६ मध्ये ईगल्स नावाचा मोठा अभ्यास आला, ८ हजारांवर माणसं, त्यातली निम्मी मानसिक आजाराची पण तेव्हा स्थिर असलेली. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन (या दोन्ही सिगरेट सोडायला देतात त्या गोळ्या), निकोटिन पॅच आणि नुसती साखरगोळी असे चार गट. औषधांमुळे मनाचा त्रास लक्षणीय वाढलेला आढळला नाही, आणि सोडण्यात सगळ्यात जास्त यश व्हॅरेनिक्लिनला आलं. त्याआधी अमेरिकेत त्या गोळीच्या पाकिटावर मनाच्या त्रासाचा कडक इशारा असायचा, तो त्याच वर्षी डिसेंबरात काढला.

काका, आणखी एक. गंभीर मानसिक आजाराची माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती बहुतेक हृदयविकार, फुप्फुसं, मधुमेह असल्या शरीराच्या आजारांनी जातात. आमच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर एक मास्तर होते. आवाजांशी १९ वर्षं झुंजले आणि ५२ व्या वर्षी हार्टअटॅकनं गेले. तुमचा मुलगा बरा राहावा म्हणून तुम्ही एवढं केलंत, त्याला ती वर्षंही मिळू देत.

रंकाळाकाठ ताई, मी कसं केलं ते सांगतो. डॉक्टरांना महिनाभर आधी सांगितलं. त्यांनी दिवस ठरवताना विचारलं, तुझा मूड कुठल्या महिन्यात चढतो? माझा उन्हाळ्यात चढतो, म्हणून आम्ही श्रावण धरला. ब्युप्रोपिऑन त्यांनी मला दिली नाही, त्यानं बायपोलरमध्ये मूड वर जाऊ शकतो म्हणाले. ज्याला झटके येऊन गेलेत त्यालाही ती देत नाहीत, तेव्हा तुमच्या भावाचा झटका आवर्जून सांगा. मला व्हॅरेनिक्लिन १२ आठवडे दिली, सोडायच्या दिवसाच्या आठवडाभर आधी सुरू करून. सुरुवातीला मळमळायचं, जेवल्यावर घेतली की कमी व्हायचं.

बायकोकडे एक वही होती. रोज किती तास झोपलो आणि दिवस कसा गेला, दहापैकी मार्क. तीन रात्री सलग पाच तासांच्या खाली झोप गेली तर डॉक्टरांना फोन, एवढा एकच नियम. एकदा करावा लागला.

संध्याकाळी साडेसहाला सगळ्यात वाईट वेळ. कारखाना सुटतो, चहाच्या गाड्यावर सगळे पेटवतात. मी त्या वेळी सरळ रंकाळा तलावावर जायचो. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या मारल्याशिवाय घरी जाऊच शकत नव्हतो.

एकदा घसरलो. शाहू स्टेडियमवर पेठांची मॅच होती, शेवटच्या मिनिटाला गोल झाला आणि शेजारच्यानं पुढे केलेली सिगरेट मी ओढली. रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "वहीत लिव्हा आन् झोपा." दुसऱ्या दिवशी परत बंद.

रात्रपाळी_सिस्टर

मी मनोरुग्णांच्या वॉर्डात अनेक वर्षं काम केलं, कुठे ते लिहीत नाही. काकांचं वाचून राहवलं नाही.

आम्हीच पेशंटला विडी शिकवली. आंघोळ केलीस तर एक, गोळ्या घेतल्यास तर एक, भांडण केलं तर उद्याची बंद. एप्रनच्या खिशात औषधाच्या किल्लीबरोबर विडीबंडल असायचं. एक बावीस वर्षांचा मुलगा दाखल झाला तेव्हा ओढत नव्हता. चार महिन्यांनी घरी गेला तेव्हा ओढत होता. त्याला पहिली मी दिली होती. त्याची आई गेटवर माझे हात धरून "सिस्टर, माझं पोरगं बरं केलंत" म्हणाली, ते मी विसरलेले नाही.

या आजारात सोडायची इच्छा नसते असं आम्ही धरून चालायचो. इच्छा असते, कुणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरच्या ५२६ लोकांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला. निम्म्या लोकांना मानसिक आजाराची माहिती असलेल्या माणसानं घरी जाऊन, वेळ देऊन मदत केली, निम्म्यांना नेहमीच्या सोयी. ६ महिन्यांनी पहिल्या गटात शंभरात १४ सुटलेले, दुसऱ्यात ६. आकडा लहान वाटेल, पण ज्यांना आपण "सुटणारच नाहीत" म्हणून सोडून दिलं त्यांच्यातले हे १४. तिथे एका दिवसात तोडण्याचा आग्रह नव्हता. आधी कमी करायची, घसरलं तर पुन्हा तारीख धरायची.

ताई, मामांनी बंडल काढून घेतलं ते मायेतूनच, पण तारीख भावाला ठरवू दे.

गडहिंग्लजची_सून

माझे मिस्टर डिप्रेशनच्या गोळ्या घेतात. ओढत नाहीत, तंबाखू-चुना खातात, दिवसाला तीन पुड्या. इकडे तंबाखूची निपाणी जवळ, घरोघरी हेच. त्यांनी सोडली तर गोळ्यांचा डोस बदलावा लागेल का? आणि त्यांना इतकी तलफ येते की शेतात जाऊन रडतात. मला कुणाला विचारायचं कळत नाही.

औषधांच्या_कपाटाजवळ

वहिनी, वर लिहिलेला डोसचा प्रश्न धुराचा आहे. तंबाखू-चुना, मावा, मिसरी यांनी ते एन्झाइम चढत नाही. तरी डॉक्टरांना सांगूनच सोडा, कारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येणारी उदासी आणि आजाराची उदासी वेगळी काढायला त्यांनाच जमतं. आपल्याकडे खरं तर हाच प्रकार जास्त. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे शंभरात चारही नव्हते, बिनधुराची तंबाखू घेणारे २४ होते.

निकोटिनची २ मिलिग्रॅमची च्युइंगम चिठ्ठीशिवाय मिळते, पण लोक ती नेहमीच्या च्युइंगमसारखी चावत राहतात आणि मग उचकी, पोटात आग. सात-आठ वेळा चावायची, तिखट चव आली की गालात दाबून ठेवायची, चव गेली की परत. साधारण अर्धा तास. तोंडात असताना आणि आधी पंधरा मिनिटं चहा नको.

विचारायला दोन नंबर आहेत, दोन्ही सरकारी आणि फुकट. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस, १४४१६, मराठीत बोलता येतं. शेतात जाऊन रडतात ते या दुसऱ्या नंबरवर आजच सांगा, तंबाखू सुटेपर्यंत थांबू नका. आणि जीव नकोसा झाल्याचं बोलले तर फोनवरही थांबू नका, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊनच जा.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे आभार. तीन महिन्यांनी लिहिते आहे.

सिस्टर, तुमचं वाचून मी भावालाच विचारलं, तारीख कुठली? त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर नागपंचमीनंतरचा सोमवार दाखवला. का ते सांगितलं नाही. आम्ही तोच धरला.

डॉक्टरांनी आधी क्लोझापीनचं रक्तातलं प्रमाण तपासायला सांगितलं. मग पॅच लावून विड्या कमी करत आणल्या. पहाटेच्या तीन विड्या शेवटपर्यंत ठेवल्या, त्या सोडवायला सगळ्यात अवघड होत्या. दहाच्या खाली आलो तेव्हा डॉक्टरांनी दर चार दिवसांनी फोन करायला सांगितलं. बंद केल्यापासून पहिल्या आठवड्यातच डोस टप्प्याटप्प्यानं सुमारे एक चतुर्थांश कमी केला आणि मग पुन्हा रक्त तपासलं. हा आकडा त्याच्यापुरता आहे, कुणी घरी बसून करू नका. उलट सूचनाही दिली, ती मला जास्त मोलाची वाटते: पुन्हा ओढायला लागला तर लपवू नका, त्याच दिवशी कळवा, कारण डोस परत वाढवावा लागेल. म्हणून घरात ठरलं, ओढली म्हणून कुणी रागवायचं नाही. दोनदा ओढली. दोन्ही वेळा त्यानं मला स्वतः सांगितलं.

चहा सहा कपांवरून तीनवर. यावर मात्र तो माझ्याशी भांडला, विडीपेक्षा जास्त.

लाळ थोडी वाढली होती, ती डोस उतरल्यावर कमी झाली. झटका आला नाही. आवाज आले नाहीत. वजन तीन किलो वाढलंय, डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली आहे. आज धूर बंद होऊन ४७ दिवस.

पहाटे साडेचारला तो अजूनही पायरीवर बसतो. हात मोकळे राहवत नाहीत म्हणून आईनं त्याला शेंगा सोलायला दिल्या. सकाळी पायरीवर टरफलांचा ढीग असतो, तो झाडण्याचं काम माझं.

आता एक अडचण. दसऱ्याला मामा राहायला येणार आहेत आणि ते स्वतः दिवसाला बंडलभर ओढतात. त्यांना काय आणि कसं सांगू? ते वडीलधारे, शिवाय गेल्या वर्षीचं त्यांच्या मनात अजून आहे.

पुन्हा_उभा

ताई, ४७ दिवस! तुमच्या भावाला माझा रामराम सांगा.

मामांना तुम्ही सांगू नका. भावाला सांगू दे. माझ्या मोठ्या दाजींना मी स्वतः म्हणालो होतो, "दाजी, मला तुमच्या वासानंच तलफ येते, चार दिवस तेवढं सांभाळा." बायकोनं सांगून जे झालं नसतं ते झालं.

करवीरकाका

मुलाला विचारलं. पहिल्यांदाच विचारलं. तो म्हणाला, "विचार करतो." बुधवारी त्याच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. तारखेचं बोलणार आहे. त्याला ओलॅन्झापीन चालू आहे, चिठ्ठीवर लिहून घेतलंय.

रंकाळाकाठ

काका, बुधवारी काय झालं ते नक्की लिहा.

मामा काल आले. भावानं फोन करून काय सांगितलं होतं मला माहीत नाही, मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. मामांनी दारात चप्पल काढली आणि आत यायच्या आधी परत फिरले. स्कूटरची डिकी उघडून बंडल आणि काडेपेटी आत ठेवली आणि किल्ली भावाच्या हातात दिली.